डुकराची वाढ आणि त्याच्या अंगातली संप्रेरकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्मताना सव्वा-दीड किलोचं असलेलं लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीचं पिल्लू नीट सांभाळलं तर सहा महिन्यांत शंभर किलोच्या आसपास पोचतं. ही वाढ पाहून पाळणारे विचारतात, ‘अजून लवकर वाढेल असं काही औषध आहे का?’ आणि खाणारे विचारतात, ‘याला हार्मोन टोचलेलं नाही ना?’ दोघांनाही आधी हेच सांगावंसं वाटतं की वाढीचं सगळं सामान डुक्कर सोबत घेऊनच जन्मतं. बाहेरून काही टोचण्यापेक्षा आतलं जे चालू आहे ते आपल्या हातून बंद पडू नये, याकडे लक्ष दिलं तर वजनही येतं आणि जनावरही सुखी राहतं. ते आतलं काय असतं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

डुकराच्या वाढीत कोणती संप्रेरकं कामाला येतात?

संप्रेरक म्हणजे एका ग्रंथीनं रक्तात सोडलेला रासायनिक निरोप. तो दूरच्या अवयवापर्यंत जातो आणि त्याला कामाला लावतो किंवा थांबवतो. वाढीच्या बाबतीत महत्त्वाची मंडळी अशी: मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतलं ग्रोथ हार्मोन, त्याच्या सांगण्यावरून यकृतात तयार होणारं आयजीएफ-१ (इन्शुलिनसारखा वाढीचा घटक), स्वादुपिंडातलं इन्शुलिन, गळ्यातल्या थायरॉइडची संप्रेरकं, ताणाच्या वेळी सुटणारं कॉर्टिसॉल, आणि वयात येताना वाढणारी टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेन. भूक लावणारी आणि भूक मारणारी संप्रेरकं वेगळीच. यातलं एकटं कुणीच वाढ घडवत नाही, म्हणून ‘वाढीचं हार्मोन द्या’ या मागणीला सरळ उत्तर देता येत नाही.

ग्रोथ हार्मोन नेमकं काय करतं?

हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग पिट्युटरीला दोन प्रकारचे हुकूम देतो. एका संप्रेरकानं तो ‘सोड’ म्हणतो, तर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या दुसऱ्यानं ‘थांब’ म्हणतो. या ओढाताणीमुळे डुकराच्या रक्तात ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखं वाहत नाही. ते उसळ्यांनी येतं, मध्येच खूप वाढतं आणि पुन्हा खाली जातं.

स्नायूंत प्रथिनं साठवायला आणि हाडं लांब व्हायला ते मदत करतं. त्यातलं बरंचसं काम ते यकृताकडून आयजीएफ-१ तयार करवून घेऊन करतं. चरबीवर मात्र त्याचा परिणाम थेट असतो. इन्शुलिन चरबीच्या पेशींना ‘साखर घ्या, चरबी करा’ सांगत असतं, त्यात ग्रोथ हार्मोन आडवं येतं. त्यामुळे खाल्लेलं अन्न चरबीऐवजी मांसाकडे वळतं. डुकराच्या बाबतीत चरबी कमी करण्याचा हा परिणाम फार ठळक दिसतो.

म्हणजे ज्याच्या रक्तात ग्रोथ हार्मोन जास्त, ते डुक्कर जास्त वाढतं?

नाही, आणि हा मुद्दा डुकरं पाळणाऱ्या प्रत्येकानं नीट समजून घ्यावा असा आहे. उपाशी किंवा अर्धपोटी ठेवलेल्या डुकराच्या रक्तात ग्रोथ हार्मोन उलट वाढलेलं सापडतं. तरी ते जनावर खुरटतं. कारण खाणं कमी पडलं, विशेषतः प्रथिनं कमी पडली, की यकृत ग्रोथ हार्मोनचं ऐकेनासं होतं आणि आयजीएफ-१ खाली येतं. वरून हुकूम येत राहतो, पण खाली तो अमलात आणायला सामान नसतं. अशा वेळी अंगावरची चरबी जाळून जीव जगवणं एवढंच काम ग्रोथ हार्मोन करतं.

म्हणून वाढ खुंटलेल्या पिलासाठी औषधाच्या दुकानाकडे धावण्याआधी त्याच्या कुंडात काय पडतंय ते पाहा. मक्याच्या भरड्यात सोयापेंड किती आहे? खनिज मिश्रण रोज घातलं जातं का? लायसीन हे अमायनो आम्ल (प्रथिनांची एक वीट) मक्यात फार कमी असतं आणि डुकराचं मांस वाढायला सगळ्यात आधी तेच अपुरं पडतं.

हॉटेलचं खरकटं घालतो. डुकरं जाड होतात, पण गिऱ्हाईक म्हणतं चरबीच फार. असं का?

भात, चपात्या, ब्रेड, बटाटा यांत पिष्ट भरपूर आणि प्रथिनं थोडी. पिष्टाची साखर रक्तात आली की इन्शुलिन वाढतं. इन्शुलिन तसं वाढीचं मोठं साथीदार आहे, कारण ते अमायनो आम्लं स्नायूंकडे पोचवतं आणि स्नायू मोडू देत नाही. पण स्नायू बांधायला अमायनो आम्लंच नसतील तर इन्शुलिन उरलेली सगळी साखर चरबीच्या कोठारात टाकतं. तुमच्या डुकराच्या पाठीवर जो जाड पांढरा थर दिसतो, तो त्या खाण्याचा हिशोब आहे.

खरकट्याला सोयापेंड, भुईमूग पेंड किंवा मासळीची कुटी यांची जोड दिली तर मांस-चरबीचं प्रमाण सुधारतं. भुईमूग पेंडीला बुरशी लागलेली नसावी. आणि खरकटं चांगलं उकळल्याशिवाय कधीही घालू नका. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा आजार २०२० मध्ये भारतात, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात, पहिल्यांदा आढळला. त्यावर इलाज नाही आणि तो पसरण्याचा एक जुना रस्ता म्हणजे न उकळलेलं खरकटं.

एकाच वितातली, म्हणजे एका वेळी जन्मलेली, काही पिलं मुळातच लहान का राहतात? नंतर खाऊ घालून ती भरून निघत नाहीत का?

डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण असते. पिलाच्या स्नायूंत किती तंतू असणार हे त्या काळातच ठरतं. तंतूंची पहिली फळी गर्भाच्या साधारण ३५ व्या दिवसापासून तयार होऊ लागते, दुसरी त्यानंतर, आणि नव्वदीच्या सुमाराला ही मोजणी जवळजवळ संपते. जन्मानंतर तंतू लांब-जाड होतात, त्यांची संख्या फारशी वाढत नाही.

गर्भातल्या वाढीवर पिलाच्या स्वतःच्या ग्रोथ हार्मोनचा ताबा थोडाच असतो. तिथे आयजीएफ-१ च्याच कुटुंबातलं आयजीएफ-२, इन्शुलिन आणि वारेतून (प्लासेंटातून) मिळणारं अन्न यांचं राज्य असतं. गर्भाशयात दाटी झाली, एखाद्या पिलाच्या वाट्याला वार लहान आली, की त्याला कमी पोषण मिळतं आणि तंतूही कमी बनतात. असं पिल्लू पुढे कितीही खाल्लं तरी भावंडांपेक्षा हळू वाढतं आणि लवकर चरबी धरतं. त्याला दोष देऊ नका, वेगळं पाडून उपाशी ठेवू नका. पुढच्या वेळी गाभण मादीच्या खुराकाकडे, तिच्या वयाकडे आणि अंगावरच्या मांसाकडे लक्ष द्या. वाढीचं गणित पिल्लू दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

चिकाबद्दल, म्हणजे विण्यानंतरच्या पहिल्या दाट दुधाबद्दल, एवढं का सांगतात? प्रतिकारशक्तीसाठीच ना?

प्रतिकारशक्ती तर आहेच. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच वारेतून प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) मिळतात, डुकराच्या पिलाला एकही मिळत नाही. चिकातली प्रतिपिंडं आत घेणारी त्याच्या आतड्याची दारं पहिल्या दिवसभरात, फार तर दीड दिवसात बंद होतात. त्याआधी जेवढा चीक पोटात गेला तेवढंच त्याचं संरक्षण.

पण चिकात आणखी खूप काही असतं. त्यात आयजीएफ-१, इन्शुलिन आणि इतर वाढीचे घटक नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी जास्त असतात. चीक प्यायलेल्या पिलाचं आतडं पहिल्या चोवीस तासांत चकित व्हावं इतकं वाढतं. अन्न शोषणारा पृष्ठभाग तिथेच तयार होतो. आईच्या अंडाशयात बनणारं रिलॅक्सिन हे संप्रेरकही चिकातून पिलाच्या रक्तात जातं. मादी पिलाच्या गर्भाशयाच्या पहिल्या घडणीत त्याचा वाटा असल्याचं अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे आज ज्या मादी पिलाला चीक कमी मिळाला, त्याचा परिणाम तिच्या स्वतःच्या विण्यावरही होऊ शकतो.

पिलामागे निदान २०० ग्रॅम, शक्यतो २५० ग्रॅम चीक पोटात जायला हवा. मादीचा चीक पिलं किती आहेत त्यावर वाढत नाही. आठ असोत की चौदा, आहे तेवढाच वाटून घ्यावा लागतो. म्हणून मोठं वीत असेल तर आधी प्यायलेल्या धट्ट्याकट्ट्या पिलांना तास-दीड तास गरम पेटीत ठेवा आणि लहानग्यांना एकटं पिऊ द्या. रात्री मादी व्यायली तर सकाळी येऊन पाहू, असं करू नका. माझ्या मते वराहपालनातली सगळ्यात मोलाची रात्र तीच असते, आणि त्या रात्री शेडमध्ये माणूस हवाच.

मादीला दूध आहे, तरी पिलं भुकेली दिसतात. काय होत असेल?

डुकरिणीच्या सडात गाईसारखं दूध साठून राहत नाही. पिलांनी कास घुसळली की मादीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, तेव्हाच पान्हा येतो आणि तो दहा-वीस सेकंदच टिकतो. मग पुन्हा तासाभरानं. पान्हा येताना मादी एका ठरावीक लयीत घुरघुरते, घुरघुर जलद होते आणि पिलं बरोबर त्या क्षणाला ओढू लागतात. आई आणि पिलं यांचं हे बोलणं ऐकू यायला हवं. सतत घोंघावणाऱ्या पंख्याच्या आवाजात हे संवाद बिघडतात आणि पिलांना दूध कमी मिळतं, हे स्वीडनमधल्या अभ्यासात ऐंशीच्या दशकातच दिसून आलं होतं.

भीती हे दुसरं कारण. अनोळखी माणसांची ये-जा, कुत्र्यांचं भुंकणं, आरडाओरड यांनी ॲड्रेनालिन सुटतं आणि पान्हा चोरला जातो. ताप आलेल्या, बद्धकोष्ठ झालेल्या मादीतही दूध आटतं. तिथे पशुवैद्यकाला बोलवा. स्वतःच्या मनानं ऑक्सिटोसिनची इंजेक्शनं मारत बसू नका. मूळ दुखणं तसंच राहतं, आणि विताच्या वेळी चुकीच्या क्षणी दिलेल्या ऑक्सिटोसिननं पिलं गुदमरतात.

नवजात पिलांना भर उन्हाळ्यातही बल्ब लावायला सांगतात. खरंच गरज आहे?

हो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पिलांत तपकिरी चरबी असते, ती जाळून ती ऊब निर्माण करतात. डुकराच्या पूर्वजांमध्ये यासाठी लागणारं जनुक लाखो वर्षांपूर्वीच निकामी झालं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात एकूण चरबीच एक-दोन टक्के असते. जन्मानंतर काही तासांत थायरॉइडची संप्रेरकं एकदम वाढतात आणि शरीराची भट्टी पेटवायचा प्रयत्न करतात, पण इंधन म्हणजे चीकच. गारठलेलं पिल्लू कुडकुडत शक्ती घालवतं, चीक पीत नाही, आणि उबेसाठी आईला बिलगून तिच्याखाली चिरडतं.

पहिल्या दिवसांत पिलाला ३२ ते ३४ अंश सेल्सियस हवेत, आईला मात्र २० च्या आसपास बरं वाटतं. दोघांना एकाच तापमानात ठेवता येत नाही, म्हणून कोपऱ्यात पिलांची वेगळी उबदार पेटी करायची. पिलं एकावर एक ढीग करून झोपली असतील तर थंडी आहे, पसरून झोपली असतील तर ठीक.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात डुकरांची वाढच थांबते. हार्मोनचा काही संबंध आहे का?

आहे. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. बाहेर ४२ अंश झाले की शरीर आतली उष्णता कमी करायला बघतं आणि खाणं, पचवणं, वाढणं ही सगळी उष्णता तयार करणारी कामं. म्हणून थायरॉइडची संप्रेरकं खाली येतात, भूक मरते. वाढत्या डुकराला २५ अंशांच्या वर गेलं की खाणं कमी व्हायला लागतं.

उपाय साधे आहेत. छपरावर गवत किंवा पांढरा रंग, अंगावर अधूनमधून पाण्याचे थेंब पडतील अशी व्यवस्था, वाऱ्याला मोकळी वाट, थंड पाणी चोवीस तास. मुख्य खुराक पहाटे आणि रात्री उशिरा द्या. दुपारी तो दिलात तर तो पडूनच राहील.

दूध तोडल्यावर आठ-दहा दिवस पिलं वाढत का नाहीत?

आई गेली, दूध गेलं, जागा बदलली, परकी पिलं अंगावर आली. एका दिवसात एवढं सगळं. कॉर्टिसॉल चढतं, पिल्लू दिवसभर धड खात नाही, आयजीएफ-१ पडतं. कॉर्टिसॉल थोडा वेळ वाढणं जिवाला हितकारक असतं, कारण ते अंगातला साठा मोकळा करून अडचणीतून पार नेतं. पण तो साठा स्नायू मोडूनही काढला जातो. ताण आठवडाभर चालला तर वाढीचा आठवडा गेला.

दूध तोडण्याआधी दहा-बारा दिवस पिलांना थोडं थोडं भुकटीचं खाद्य चाटायला शिकवा. तोडताना पिलांऐवजी आईला हलवा. वेगवेगळ्या वितांची पिलं एकत्र करायचीच असतील तर एकदाच करा, दर आठवड्याला गट मोडू नका, कारण प्रत्येक नव्या गटात मान ठरवायला नव्यानं मारामारी होते. माणसानं शांतपणे वागणं हेही यात येतं. काठीला घाबरणारं डुक्कर कमी वाढतं, हे निरीक्षण जगभरच्या गोठ्यांत आणि प्रयोगांत पुन्हा पुन्हा आलेलं आहे.

आजारातून उठलेलं डुक्कर मागेच का राहतं?

संसर्गाशी लढताना शरीर जे दाहक निरोप रक्तात सोडतं ते भूक मारतात, कॉर्टिसॉल वाढवतात आणि यकृताला ग्रोथ हार्मोनकडे दुर्लक्ष करायला लावतात. अमायनो आम्लं मांसाऐवजी लढाईकडे वळतात. डुक्कर आजारी दिसत नसलं तरी ओल्या, कोंदट, शेणामुतानं भरलेल्या शेडमध्ये ही लढाई बारीक आचेवर सतत चालू असते. कोरडी जमीन, लसीकरण आणि जंतनिर्मूलन यांचा वजनाशी असा थेट संबंध आहे.

भूकही हार्मोनच ठरवतात का?

मोठ्या प्रमाणात. रिकाम्या जठरातून घ्रेलिन सुटतं आणि भूक लागते. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधलेलं हे संप्रेरक ग्रोथ हार्मोनची उसळीही आणतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन सुटतं, ते मेंदूला ‘साठा पुरे’ असं कळवतं. हा निरोप मेंदूत जिथे पोचतो तिथल्या एमसी४आर या ग्राहकाच्या (निरोप पकडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकात डुकरांत एक बदल आढळतो. २००० साली तो प्रसिद्ध झाला. तो बदल असलेली डुकरं जास्त खातात, जलद वाढतात आणि पाठीवर जास्त चरबी धरतात. भूक कमी-जास्त असणं हा जनावराचा स्वभाव नसून बऱ्याच अंशी वंशातून आलेली गोष्ट आहे.

नर पिलं खच्ची करावीत की नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं एकच उत्तर नाही.

वाढीच्या हिशेबानं अखंड, म्हणजे खच्ची न केलेला, नर सरस असतो. टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू अधिक बनतात, आणि नर डुकराच्या वृषणात इस्ट्रोजेनही भरपूर तयार होतं. दोन्ही मिळून ग्रोथ हार्मोन-आयजीएफच्या साखळीला जोर देतात. म्हणून अखंड नर कमी खाद्यात जास्त मांस करतो. खच्ची केलेला नर जास्त खातो आणि त्यातलं बरंच चरबीत घालवतो. मादी या दोघांच्या मध्ये.

मग खच्ची का करतात? मांसाला येणाऱ्या वासामुळे. पाच-सहा महिन्यांच्या सुमाराला नर वयात येऊ लागतो, तेव्हा वृषणात ॲन्ड्रोस्टेनोन तयार होतं. खरं तर तो मादीला माजावर आणणारा, नराच्या लाळेतून दरवळणारा गंध. पण तो चरबीतही साठतो आणि शिजवताना मुतासारखा वास मारतो. दुसरा पदार्थ स्केटोल. तो मोठ्या आतड्यात जंतूंमुळे बनतो आणि नराच्या संप्रेरकांमुळे यकृत तो नीट निकालात काढू शकत नाही. घाणीत लोळणाऱ्या डुकरांत स्केटोल अधिक चढतं. सगळ्याच माणसांना ॲन्ड्रोस्टेनोनचा वास येत नाही. नाकातल्या एका ग्राहकाच्या जनुकावर ते अवलंबून असतं. त्यामुळे एकाच ताटातलं मांस एकाला ठीक लागतं आणि दुसऱ्याला तोंडात धरवत नाही.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये बहुतेक नर खच्ची न करता, वयात येण्याच्या सुमाराला कमी वजनावरच विकले जातात. लहान वजनावर विक्री होत असेल तर हा मार्ग आपल्याकडेही विचारात घेण्यासारखा आहे. खच्ची करायचंच असेल तर पहिल्या आठवड्यात, प्रशिक्षित हातानं, वेदनाशामक देऊन करा. ‘एवढ्याशा पिलाला काय कळतंय’ हे खरं नाही. त्याला कळतं. ते किंचाळतं, कॉर्टिसॉल चढतं, नंतर ते दूध ओढत नाही. जर्मनीत २०२१ पासून भुलीशिवाय खच्ची करायला मनाई आहे. वेदनाशामकाचा खर्च टाळण्यासाठी पिलाला हे भोगायला लावणं मला कुठल्याच हिशेबात बसत नाही.

शस्त्राशिवाय खच्ची करणारी लस असते म्हणे?

असते. ती समजायला थोडं मागे जावं लागेल. वृषणांना काम सुरू करायला सांगणारा पहिला निरोप हायपोथॅलॅमसमधून निघतो, त्याला जीएनआरएच म्हणतात. अमेरिकेत अँड्र्यू शॅली यांच्या गटानं दीड लाखांहून अधिक डुकरांच्या मेंदूतले ते इवलेसे तुकडे गोळा करून हे संप्रेरक वेगळं काढलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना जाहीर केली. १९७७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. माणसातही हेच संप्रेरक, अगदी त्याच रचनेचं, काम करतं.

लस या जीएनआरएचविरुद्ध प्रतिपिंडं तयार करवते. निरोप वाटेतच अडतो, वृषणं लहान होतात, वासाचे पदार्थ उतरतात. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून ती वापरात आली, युरोपीय संघानं २००९ मध्ये मान्यता दिली. निदान चार आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा देतात, दुसरी कत्तलीच्या चार ते सहा आठवडे आधी. पहिल्या मात्रेनंतर डुक्कर अखंड नरासारखंच वाढतं, म्हणजे चांगल्या वाढीचा बराच काळ हाती लागतो. दुसरीनंतर भूक एकदम वाढते. लसीत संप्रेरक नसतं आणि ती मांसातून खाणाऱ्यावर परिणाम करत नाही. मात्र सुई चुकून माणसाला टोचली तर त्याच्याही प्रजननसंस्थेवर परिणाम होऊ शकतो. एकदा टोचलं गेलेल्यानं पुन्हा ती लस हाताळायची नसते. म्हणून तिला खास सुरक्षित सिरिंजच लागते.

जास्त मांसाची पिलं हवीत, तर नर निवडायचा की मादी?

दोन्ही, पण एका बाबतीत नराचं पारडं विलक्षण जड आहे. २००३ मध्ये स्वीडन आणि बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या आयजीएफ-२ जनुकात एकाच अक्षराचा बदल शोधला. त्यामुळे जन्मानंतर स्नायूंत हे जनुक सुमारे तिप्पट जोरानं चालतं, मांस ३-४ टक्क्यांनी वाढतं आणि पाठीची चरबी घटते. गंमत म्हणजे आयजीएफ-२ ची फक्त बापाकडून आलेली प्रतच बोलते, आईकडून आलेली गप्प असते. त्यामुळे मादी कुठलीही असो, नराकडून तो बदल आला तर पिलांना त्याचा सगळा फायदा मिळतो.

लार्ज व्हाइट, ड्युरॉक, पिएट्रेन अशा जातींत हा बदल पसरलेला आहे. नर घेताना त्याच्या बापाची आणि भावंडांची वजनं विचारा, पाठीची चरबी पाहा. पिएट्रेनच्या काही वंशांत ताण सहन होऊ न देणारं जनुकही असतं. अशी डुकरं वाहतुकीत दगावतात आणि त्यांचं मांस फिकट, पाणचट होतं.

देशी डुक्कर हळू वाढतं, म्हणजे त्याच्यात हार्मोन कमी?

त्याच्यात खोट काही नाही. पिढ्यान् पिढ्या मिळेल ते खाऊन, उन्हापावसात जगायचं असेल तर अंगावर चरबीचा साठा धरणं आणि लवकर वयात येणं हेच शहाणपणाचं. त्याच्या संप्रेरकांची मांडणी तशी झाली आहे. गोव्यातल्या आगोंद गोवन, पश्चिम बंगालच्या घुंगरू, मेघालयाच्या नियांग मेघा या आपल्या नोंदणीकृत जाती आहेत. गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्रात अशा देशी जाती आणि त्यांच्या संकरांवर काम चालतं. देशी डुकराला यॉर्कशायरचा खुराक भरपूर घातला तर चरबीच वाढेल. त्याला त्याच्या बेतानं वाढू द्यावं, किंवा आटोपशीर संकर करावा.

डुकरांना ग्रोथ हार्मोन टोचून पाहिलं गेलंय का?

पुष्कळ. अमेरिकेत १९५५ मध्येच डुकराच्या पिट्युटरीतून काढलेलं हार्मोन रोज टोचून मांस वाढतं, चरबी घटते हे दाखवलं गेलं. ऐंशीच्या दशकात जिवाणूंकडून ते बनवता येऊ लागलं, तेव्हा प्रयोगांची रांग लागली. वाढ १०-२० टक्क्यांनी जलद, खाणं कमी, चरबीत मोठी घट. नव्वदीच्या दशकात ऑस्ट्रेलियानं वापराला परवानगीही दिली. पण ते रोज टोचावं लागतं, आणि खुराकात प्रथिनं वाढवली नाहीत तर फायदा हाती लागत नाही.

याहून पुढची पायरी अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात गाठली गेली. १९८५ मध्ये माणसाच्या ग्रोथ हार्मोनचं जनुक घातलेली डुकरं जन्मली, पुढे गाईचं जनुक घातलेलीही. ती सडपातळ झाली खरी, पण त्यांना जठराचे व्रण, सांधेदुखी, हृदय मोठं होणं, त्वचेचे विकार जडले. निसर्गात जे उसळ्यांनी येतं ते अखंड वाहत राहिलं तर काय होतं, हे त्या जनावरांनी भोगून दाखवलं. ते वर्णन वाचल्यापासून ‘आणखी जास्त’ या हव्यासाची मला भीती वाटते.

मग बाजारातल्या मांसात टोचलेली हार्मोन असतात का?

अमेरिकेत गोमांसासाठी काही संप्रेरकांना परवानगी आहे, डुकरांच्या वाढीसाठी नाही. युरोपीय संघात कुठल्याच जनावराला वाढीसाठी संप्रेरक देता येत नाही. लोकांचा घोटाळा होतो तो रॅक्टोपामाइनमुळे. ते संप्रेरक नाही, ॲड्रेनालिनसारखं वागून स्नायू वाढवणारं खाद्यातलं औषध आहे. अमेरिकेत डुकरांसाठी ते १९९९ मध्ये मंजूर झालं. युरोपीय संघ, चीन आणि रशियात त्यावर बंदी आहे. २०१२ मध्ये कोडेक्स या अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रोममधल्या बैठकीत त्याची अवशेष-मर्यादा (मांसात उरलेला किती अंश चालेल ती मर्यादा) ६९ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाली. यावरून जगाचं यावर किती दुमत आहे ते कळेल.

डुकराची नैसर्गिक संप्रेरकं मांसातून आपल्या अंगात जातात का?

ग्रोथ हार्मोन, आयजीएफ, इन्शुलिन ही प्रथिनं आहेत. पोटात ती अंड्यातल्या प्रथिनासारखीच पचून जातात. शिवाय डुकराचं ग्रोथ हार्मोन माणसात लागूच पडत नाही. वाढ खुंटलेल्या मुलांवर जनावरांचं हार्मोन वापरून पाहिलं गेलं तेव्हा ते निष्फळ ठरलं. इन्शुलिन मात्र डुकराचं आणि माणसाचं एकाच अमायनो आम्लानं वेगळं, म्हणून त्यानं कित्येक दशकं मधुमेहाच्या रुग्णांना जगवलं. पण तेही टोचूनच, खाऊन नाही.

टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं स्टेरॉइड असतात, ती शिजवून नष्ट होत नाहीत. वयात आलेल्या अखंड नरात नँड्रोलोन हे खेळांत बंदी असलेलं स्टेरॉइडही नैसर्गिकरीत्या तयार होतं. अशा नराचं यकृत, मूत्रपिंड, वृषण खाल्ल्यावर काही तास लघवीत त्याचे अंश सापडू शकतात. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनी हे अवयव टाळावेत. बाकीच्यांनी नेहमीचं मांस नीट शिजवून खावं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पिल्लू वाढत नाही, रक्तातली हार्मोन तपासून घेऊ का?

पैसे वाया जातील. ग्रोथ हार्मोन तासातासाला बदलतं, एका नमुन्यातून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक वजनकाटा घ्या. जन्माच्या दिवशी, दूध तोडताना आणि नंतर दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवा. कुठल्या पंधरवड्यात वाढ थांबली ते दिसलं की कारण सहसा तिथेच सापडतं: खाद्याची नवी गोणी, बंद पडलेला नळ, मोडलेला गट, जुलाब, उन्हाची लाट. एकाच वितातली सगळी पिलं मागे असतील तर आईकडे पाहा. वेगवेगळ्या वितांतली असतील तर खाद्याकडे आणि पाण्याकडे. एकटंच असेल तर त्याचं जन्मवजन पाहा, तोंड आणि पाय तपासा. यातून काही निघालं नाही, तर वजनांची वही घेऊन पशुवैद्यकाकडे जा.